पहिला नको

शुभदा गुंजाळ ही बाई साधीसुधी नव्हे. संगमनेरजवळच्या एका साखर कारखान्याचा संगणक विभाग तिनं सव्वीस वर्षं सांभाळला होता. ऐन हंगामात वजनकाट्याचा सर्व्हर बसायचा, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागायची, चेअरमनपासून वॉचमनपर्यंत सगळे तिच्या टेबलाभोवती घिरट्या घालायचे, आणि ही एका हातानं डबा खात दुसऱ्या हातानं सर्व्हर उठवायची. बॅकअप घेतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. घेतलेला बॅकअप परत चढवून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचं नाही. आणि शनिवारी काही बदलायचं नाही, कारण रविवारी निस्तरायला कुणी नसतं. हे तिचे कायदे होते, आणि भल्याभल्यांना तिनं ते पाळायला लावले होते.

अशा बाईनं घरच्या सर्व्हरची आवृत्ती बदलायला आठ महिने चालढकल करावी, यावरूनच काय ते ओळखा. तो सर्व्हर म्हणजे तिच्या नवऱ्याचं तोंड होतं. हेमंत गुंजाळ, गावाच्या भाषेत गुंजाळ सर, एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी फळ्यावर नकाशा काढताना त्यांच्या हातातला खडू खाली पडला आणि पाठोपाठ सरही. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटलं. डोक्यात विचार शाबूत, शब्दही शाबूत, पण शब्द तोंडापर्यंत आणणारी वाट तुटलेली. सरांच्या तोंडून फक्त “मग” एवढंच निघायचं. पाणी हवं असलं तरी मग, कुणी गेल्याचं कळलं तरी मग. मानेवरही भरवसा ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, कारण अशा माणसाची मान होकाराला नकारासारखी हलते आणि नकाराला होकारासारखी. डोळ्यांतून पाणी आलं तरी घाबरू नका, म्हणाले, या आजारात ते उगाचच येतं.

मग कानामागची पट्टी आली. बोलायचं मनात आणलं की मेंदूत आणि गळ्याच्या स्नायूंत बारीक हालचाल उठते, ती ही पट्टी टिपते. टिपलेलं घरातल्या सर्व्हरकडे, म्हणजे एका डब्याकडे, जातं आणि डबा त्याचं वाक्य करून बोलतो, तेही माणसाच्या स्वतःच्या आवाजात, जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवलेल्या. मनातली गोष्ट घराबाहेर जाता कामा नये असा कायदा झाला होता, म्हणून हा सर्व्हर ज्याच्या त्याच्या घरातच. गुंजाळांकडे तो मिक्सरच्या शेजारी ठेवलेला होता, पोळ्यांच्या डब्याएवढा. त्यावर चालणाऱ्या प्रणालीचं नाव ‘ओसरी’, आणि त्यांच्याकडे होती तिची सहावी आवृत्ती. दिवाळीनंतर सहाला दुरुस्त्या मिळणार नव्हत्या, म्हणजे कुणीही उपटसुंभ फट शोधून डब्यात, पर्यायानं सरांच्या मनात, शिरू शकला असता. तेव्हा सातवी चढवणं भाग होतं.

मंगळवारी सकाळी शुभदा बसली. दोन बॅकअप झाले, दोन्ही परत चढवून बघून झाले. सातव्या आवृत्तीबरोबर आलेली चौऱ्याऐंशी पानांची टिपणं तिनं पेन्सिल घेऊन वाचली होती. त्यात एका पानावर ‘घरगुती अर्थनियम पुढे नेले जाणार नाहीत’ असं होतं. दिवा कधी लावायचा, मोटर कधी बंद करायची, असलं काहीतरी असेल, असं म्हणून तिनं पान उलटलं. सरांना सांगितलं, दोन तास तुम्हाला बोलता यायचं नाही, चालेल ना? डबा म्हणाला, चालेल.

पावणेदोन तासांत सगळं पार पडलं. एकही चूक नाही. शुभदाला इतकं बरं वाटलं, की तिनं लगेच विचारलं, “अहो, चहा टाकू?”

“नको,” सर म्हणाले.

आवाज नीट आला म्हणून ती खूश झाली आणि तिनं चहा टाकला. यात तुम्हाला काही वावगं वाटलं का? तिलाही वाटलं नाही. सर पहिल्यापासून भिडस्त, त्यांच्या नकोला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. कप घेऊन आली तेव्हा डबा म्हणाला, आत्ता नको. तिनं नेहमीसारखं, घ्या हो थोडासा, म्हणत कप त्यांच्या ओठांशी नेला. सरांनी दोन घोट गिळले, दुसरं काय करणार? मग त्यांच्याच आवाजात, अगदी स्वच्छ, डबा म्हणाला, “शुभा, नको म्हटलं ना.”

तिचा हात तसाच थांबला. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि नीट आठवू लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, सहा वर्षांत सरांच्या तोंडून नको हा शब्दच कधी आला नव्हता.

त्या दिवशी मात्र तो संध्याकाळपर्यंत येतच राहिला. पाठीमागची उशी नको. चहात आलं नको, मुळात दात घासायच्या आधी चहाच नको. दुपारची मालिका नको. खिडकी लावायला नको. माजी विद्यार्थ्यांनी रविवारी पुन्हा सत्कार ठेवला होता, तो तर अजिबात नको. शुभदानं आधी डब्यावर संशय घेतला. कारखान्यात घेतली असती तशी चाचणी तिनं घेतली. आज मंगळवार ना? हो. आपलं लग्न नाशिकला झालं ना? नाही, सिन्नरला. प्रवरा पश्चिमेला वाहते ना? यावर डबा म्हणाला, “मला भूगोल विचारतेस?” ती हसली, आणि मग तिचं हसू मावळलं. नवा डबा ठणठणीत होता, म्हणजे खोट जुन्यात होती.

दुसऱ्या दिवशी सर झोपले असताना दुपारी तिनं जुन्या आवृत्तीचा बॅकअप उघडला. सहावीत दोन थर होते. पहिला थर ऐकणारा, तो पट्टीवरून आलेल्या हालचालींचे तीन अंदाज द्यायचा. दुसरा समजणारा, तो घरची माणसं, सवयी, वेळकाळ बघून त्यातला एक निवडायचा आणि वाक्य नीट जुळवायचा. तेव्हा पहिल्या थराचं ऐकणं इतकं कच्चं होतं की सगळी भिस्त दुसऱ्या थरावर होती. पुढं हा कान सुधारला, ऐकणं पक्कं झालं, म्हणून सातवीतून दुसरा थर काढूनच टाकला होता. जेवढं ऐकू येईल तेवढंच बोलायचं, नाही आलं तर गप्प बसायचं. जुन्या थराच्या नियमांची यादी तिनं वरपासून वाचायला घेतली, आणि चौथ्याच ओळीवर तिला स्वतःची भाषा भेटली. डबा बसवताना फॉर्ममध्ये विचारलं होतं, ही व्यक्ती बोलते एक आणि तिला म्हणायचं असतं दुसरं, असे काही शब्द आहेत का? तिनं लिहिलं होतं: “पहिला नको धरू नये. भीड असते.”

आणि ते खरंच होतं हो. लग्नानंतर पहिल्यांदा सर सिन्नरला जेवायला आले, तेव्हा बासुंदीच्या दुसऱ्या वाटीला नको नको म्हणाले आणि पाच वाट्या संपवून उठले. तिच्या आईनं ती गोष्ट मरेपर्यंत सांगितली. आपल्याकडे कोणता जावई, कोणता पाहुणा पहिल्या झटक्यात हो म्हणतो? नको म्हणायचं असतं आणि वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नसतं, ही आपली रीत. मशीनला ती कुठून ठाऊक असणार, म्हणून शुभदानं शिकवली. मशीन मोठं आज्ञाधारक निघालं. सरांनी नको म्हटलं की ते त्याचं चालेल करायचं. चालेल म्हटल्यावर चहा यायचा, उशी यायची, सर काही तक्रार करायचे नाहीत, आणि तक्रार नाही म्हणजे आपण बरोबर ओळखलं, असं धरून मशीन तो नियम आणखी घट्ट करायचं. पहिल्या नकोचा नियम दुसऱ्या नकोला लागला, मग सगळ्याच. सुरुवातीला नियमाचा भार होता तीस टक्के आणि अखेरीला नव्याण्णव. शेजारच्या रकान्यात लिहिलेलं होतं, या नियमाविरुद्ध तक्रारी: शून्य. तक्रार करायची तर सरांना आधी नको म्हणावं लागलं असतं, आणि ते तर मशीन गिळून टाकत होतं.

कारखान्यात एखाद्या पोरानं असा घोळ घातला असता तर तिनं त्याला उभा आडवा घेतला असता. इथे कुणाला घेणार?

गुरुवारी साडेनऊला रावसाहेब भाऊजी आले. सरांचे थोरले भाऊ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मनानं लोण्याहून मऊ. सहा वर्षं रोज येऊन ते तासभर भावाला पेपर मोठ्यानं वाचून दाखवत, अगदी श्रद्धांजलीच्या पानापर्यंत. त्यांनी चष्मा चढवला, पहिला मथळा वाचला आणि सर म्हणाले, “दादा, पेपर नको.”

भाऊजींनी डब्याकडे पाहिलं, मग शुभदाकडे. ती खाली मान घालून भाजी निवडत होती. त्यांनी पुन्हा वाचायला घेतलं तर पुन्हा तेच. मग त्यांनी पेपराची घडी केली, काखेत मारली आणि दारातूनच सांगितलं, “शुभदा, डबा बिघडलाय. जुना परत टाक. माझा भाऊ मला असं बोलायचा नाही.” मग आठवडाभर ते फिरकले नाहीत.

जुना परत टाकता येत होता, हीच तर पंचाईत. सातवी आवृत्ती पंधरा दिवसांची मुदत देत होती. तेवढ्यात वाटलं तर मागं जा. पंधराव्या दिवसानंतर मात्र दार बंद, आणि मग जुन्या साठवणीचंही काहीतरी करणं भाग होतं. कारण पट्टीनं सहा वर्षांत टिपलेली प्रत्येक हालचाल डब्यात जशीच्या तशी पडून होती. ती नव्या कानानं पुन्हा वाचून घेता येत होती, म्हणजे सर खरोखर काय म्हणाले होते ते शब्दन्‌शब्द कळलं असतं. नाहीतर पुसून टाकायची. न वाचता तशीच ठेवून द्यायची सोय प्रणालीनं ठेवली नव्हती.

मागं जायचा मोह शुभदाला झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. जुन्या डब्यातले सर किती गोड होते. पोळ्या लाटताना मागून आवाज यायचा, “शुभा, बस जरा. दमलीस.” त्या एका वाक्यावर तिनं सहा वर्षं काढली होती. नवे सर तसलं काही बोलत नव्हते, आणि आता ती लाटणं थांबवून मागं वळून बघायची. ते वाक्य सरांचं होतं की मशीननं जुळवलेलं? घरची माणसं, सवयी, वेळकाळ बघून? हा प्रश्न तिला जेवू देईना. तिनं सरळ सरांनाच विचारलं. डबा म्हणाला, “कधी मी म्हणालो असेन. कधी डबा. आठवत नाही.” नव्या डब्याचं हे असं होतं, समजूत घालण्यासाठीसुद्धा तो दोन शब्द पदरचे घालत नव्हता.

नवव्या दिवशी तिचा धीर सुटला. एकच नोंद वाचायची, असं तिनं ठरवलं. कोणती, हे शोधावं लागलं नाही. आजारानंतर आठ महिन्यांनी, निवृत्तीला तीन वर्षं असताना, तिनं नोकरी सोडायचं ठरवलं होतं. विभागप्रमुखाच्या जागेसाठी तिचं नाव पुढं गेलेलं होतं. तिनं सरांना विचारलं होतं, मी घरीच राहते, चालेल ना? आणि डबा म्हणाला होता, “चालेल. तुझ्या मनाला येईल ते कर.” हे वाक्य तिनं किती जणांना सांगितलं असेल. बघा, आजारपणातही माझं मन राखतात, म्हणून.

नव्या कानानं तीच नोंद वाचली. पडद्यावर अक्षरं आली. “नको. शुभा, नको. काम सोडू नकोस. माणूस ठेव. नको ना.”

ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि ओल्या तोंडानंच सरांच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, फॉर्म, बासुंदी, चौथी ओळ, आत्ता वाचलेली नोंद. सरांच्या स्वतःच्या तोंडातून नुसतं “मग” आलं. त्यानंतर डबा बोलला.

“डब्याला तू शिकवलंयस, एवढं कळलं होतं. मला वाटलं, मुद्दाम.”

“सहा वर्षं तुम्हाला असं वाटत होतं?”

“पहिली दोन. नंतर सवय झाली.”

शुभदा रडली, चांगली हमसून रडली. लाज वाटली, कीव आली, आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही आला. जन्मभर हा माणूस नको म्हणून पाच पाच वाट्या खात आला, मग त्याचा खरा नको बायकोनं ओळखायचा कसा? तिनं हे बोलूनही दाखवलं. आजारी माणसाला असं बोलू नये वगैरे सगळं ती विसरली. सर ऐकत होते. डबा म्हणाला, “हे बरोबर आहे.” आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांनी अर्धा तास कडाक्याचं भांडण केलं.

मागं जायचा विचार त्या दिवशी संपला. भाऊजीही दुसऱ्या दिवशी आले, पेपर न आणता. उंबऱ्यातच उभे राहून त्यांनी अवघडून विचारलं, मग मी करू तरी काय? सर म्हणाले, नुसता बस. भाऊजी बसले. थोड्या वेळानं स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगायला लागले, जे त्यांनी सहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, आणि सर अधूनमधून त्यांना काहीबाही विचारत राहिले.

पण साठवण राहिली होती. एक नोंद वाचल्यापासून शुभदाला दुसरं काही सुचत नव्हतं. आपण ज्याच्याशी सहा वर्षं संसार केला तो माणूस तिथं कुलपात होता, आणि किल्ली तिच्या हातात. बस जरा, दमलीस, हे त्यातलं किती? दहादा तरी खरं असेल, दोनदा तरी. एकदा खरं निघालं असतं तरी तिला पुरलं असतं. आणि नसतंच निघालं, तर तेही एकदाचं कळलं असतं. तिनं मनाशी हिशेब पक्का केला होता. वाचायचंच.

पंधराव्या दिवशी सकाळी, सरांचं दात घासणं आणि त्यानंतरचा बिनआल्याचा चहा झाल्यावर, ती डब्याचा पडदा घेऊन त्यांच्याजवळ बसली. विचारायचं म्हणून विचारलं. नोंदी सरांच्या होत्या, तेव्हा विचारणं क्रमप्राप्त होतं, आणि खरं तर उत्तर तिनं गृहीतच धरलेलं होतं.

“जुनं सगळं वाचून घेऊ का?”

“नको,” सर म्हणाले.

तिच्या ओठांवर आलं, थोडंसं तरी. एखादाच महिना. फक्त दमलीस एवढंच शोधते, बाकी बघत नाही. चाळीस वर्षांची सवय, ती अशी पंधरा दिवसांत सुटते थोडीच? वाक्य जिभेवर तयार होतं, हातात वाढायची पळी असावी तसं. सर तिच्याकडे बघत होते आणि तिला समजलं, की ते दुसऱ्यांदा म्हणणार नाहीत. इतकी वर्षं म्हणून झालं होतं.

तिनं ते वाक्य गिळलं. का, हेही विचारलं नाही. ‘पुसून टाका’ वर बोट ठेवलं, प्रणालीनं खात्री आहे का म्हणून विचारलं, तिनं आहे म्हटलं. सहा वर्षं, दोन्ही बॅकअपांसकट, पुसायला पाच सेकंदही लागली नाहीत. आता तिला ते कधीच कळणार नव्हतं, आणि तिला त्याचं फार वाईट वाटलं.

“बरं केलंस,” डबा म्हणाला. “शिव्या होत्या त्यात.”

“कुणाला?”

“तुला.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. सरांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलत होती, आणि ते हसणं होतं की रडणं, हे ओळखायचा कोणताही नियम आता घरात नव्हता.

“पुष्कळ होत्या?” तिनं विचारलं.

“सहा वर्षांच्या.”

शुभदानं पडदा बाजूला ठेवला, स्टूल खाटेला लावून ओढलं आणि पदर खोचून नीट बसली. “मग द्या आता तोंडावर,” ती म्हणाली.

सरांनी थोडा विचार केला आणि त्या फळ्याजवळच्या सकाळपासून सुरुवात केली. डबा सावकाश, मधे गाळलेल्या जागा सोडत बोलत होता, आणि ती एकदाही मधे न तोडता ऐकत राहिली.